मराठी पानावरचा गहू

फौजदार वंदना साळवे फोनवर फार बोलल्या नाहीत.

"तृप्तीताई, अप्पारावांच्या दुकानात या. आत्ता. लेकराला आणलंत तरी चालेल."

तृप्तीच्या मांडीवर बाळी पीत होती. साडेतीन महिन्यांची. कुठं जरा खुट्ट वाजलं तरी तृप्तीचा हात आधी तिच्या छातीवर जायचा, श्वास चालू आहे ना बघायला. आताही गेला.

"पोलिसांनी बोलावलंय. कशाला ते सांगितलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

कल्याण बूट घालत होता. "घाबरू नको. मी येतो ना संगं. आन् अंगावर पिणारं लेकरू असलं की बाईला जामीन जल्दी मिळतो."

धीर द्यायची त्याची हीच तऱ्हा, असं तिला वाटलं.

दारात सासूबाई, उषाबाई, गहू निवडत बसल्या होत्या. "कसला गहू आणलास रे बाजारातून? नुसते खडे. दुकानातला का न्हाई आणला?"

"आई, निवड गप."

दुकानाच्या पायरीवर एक माणूस बसला होता. दोन्ही हातांत मोबाइल धरून. त्यानं वर पाहिलं नाही.

आत मालक अप्पाराव आणि साळवे. मागच्या कोपऱ्यातली बियाण्याच्या पोत्यांची थप्पी दिसत नव्हती. दिवाळीपासून अप्पाराव त्याच थप्पीवरून दुकानात कामाला असलेल्या कल्याणला टोचून बोलायचे.

"बाहेर बसलाय तो बद्रीनाथ," साळवे म्हणाल्या. "अंकुशनगरकडं ऊसतोडीला आलेला. त्याची अडीच वर्षांची पोर काल गेली. तुमच्या दुकानातून मागवलेल्या गव्हाची पोळी खाऊन. तो पेरायचा गहू होता. कीड लागू नये म्हणून विष लावलेला, ओळखू यावा म्हणून लाल रंगवलेला."

तृप्तीनं बाळीला घट्ट धरलं.

'शिवारहाट' हे अप्पारावांचं मोबाइलवरचं दुकान. बियाणं, धान्य, अवजारं, सगळं घरपोच. दिवाळीपर्यंत ते नुसतं इंग्रजीत होतं. मग मराठी आलं. यंत्राची बाजू कल्याणनं सांभाळली. एकेका वस्तूचं पान मराठीत लिहिलं ते बीएस्सी झालेल्या तृप्तीनं, घरी बसून, बाळ पोटात असताना आणि नंतर मांडीवर असताना.

साळवेंनी मोबाइल पुढं केला. इंग्रजी पानावर विषाची सूचना होती. मराठी पानावर फक्त 'गहू'. धान्याच्या भागात, बाजारापेक्षा स्वस्त. सूचनेच्या जागी कोरं.

"मी लिहिलं होतं," तृप्ती म्हणाली. "विष लावलेलं बियाणं, खाऊ नये. लाल अक्षरांत लिहिलं होतं."

"मग गेलं कुठं?"

"राह्यलं असंल," अप्पाराव म्हणाले. "मी कल्याणला बोललो होतो, बाळंतिणीला काम देऊ नको. तिचं ध्यान दुधात."

कल्याणनं बाळीला तिच्याकडून अलगद घेतलं. "मॅडम, लेकरामुळं तिची रात्ररात्र झोप होत न्हाई. चूक झाली असंल. जाणूनबुजून न्हाई केलं तिनं."

तृप्तीनं त्याच्याकडं पाहिलं. तिनं अजून काहीच कबूल केलं नव्हतं. त्यानं तिच्या वतीनं करूनही टाकलं.

"या पानात शेवटचा बदल पंधरा जानेवारीला झाला," साळवे म्हणाल्या. "दुपारी. तुमच्या नावानं, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवरून. घरी कोण होतं?"

"मी इथं होतो मॅडम," कल्याण लगेच म्हणाला. "दिवसभर दुकानात. गिऱ्हाईक होतं लई."

तृप्तीनं साळवेंच्या हातातला मोबाइल पाहिला. मग म्हणाली, "मॅडम, ताडपत्रीचं पान काढा. मराठीच."

साळवेंनी काढलं.

"वापरायची माहिती वाचा."

"ही तर इंग्रजीत आहे."

"ती लिहायची माझ्याकडून राहिली. राहिलं की तिथं आपोआप इंग्रजी दिसतं. गव्हाची सूचना राहिली असती तर तिथंही इंग्रजी दिसलं असतं. कोरं दिसलं नसतं. बोटांनी मोठं करून बघा."

साळवेंनी पान मोठं केलं. कोऱ्या जागेत तिळाएवढा एक ठिपका होता.

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवला."

"जागा भरलेली आहे असं यंत्राला वाटावं, इंग्रजी वर येऊ नये म्हणून. तपासायला येणारे साहेब इंग्रजी पान बघतात. गरीब माणूस मराठी बघतो."

"हे तुम्हालाही ठाऊक होतं, ताई. तुम्हीच केलं नाही कशावरून?"

"मला हे यांनी शिकवलं." तिनं कल्याणकडं बोट केलं नाही. ती अप्पारावांकडं वळली. "काका, किंक्रांतीला तुम्ही दुकान उघडता?"

"वडलांपासून न्हाई. संक्रांतीचा दुसरा दिवस, त्या दिवशी कुलूपसुद्धा काढत न्हाई मी."

"पंधरा जानेवारी म्हणजे किंक्रांत."

अप्पारावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग कल्याणकडं.

"बाळ इकडं द्या," तृप्ती म्हणाली.

कल्याणनं बाळीला छातीशी घट्ट धरलं. साळवे उठून उभ्या राहिल्या. तेव्हा त्यानं दिलं.

बाळी अंगाशी आल्यावर तृप्ती बोलली. आवाज तिचा तिलाच परका वाटत होता.

"त्या दिवशी बाळीचा डोस होता. किंक्रांतीला लेकरू घराबाहेर काढू नये म्हणून सासूबाई कुरकुरत होत्या, तरी आल्या. दवाखान्यातल्या नर्सला विचारा. हे डोकं दुखतंय म्हणून घरी थांबले. कॉम्प्युटर घरीच होता. दर महिन्याला आम्ही गहू या दुकानातून नेतो. त्याच आठवड्यापासून बाजारातून यायला लागला. काका, ते बियाणं जास्त कुणी मागवलं होतं?"

"यानंच," अप्पाराव म्हणाले. "मी म्हणलं होतं, होळीपर्यंत माल तरी जाईल न्हाईतर तू." ते म्हणताना त्यांची नजर टेबलावर होती.

"मला वाटलं, धुऊन खातील," कल्याण म्हणाला.

"आणि मॅडम, तुमचा फोन आला तेव्हा कशाला बोलावलंय ते मला माहीत नव्हतं. यांनी मला जामीन कसा मिळतो ते सांगितलं."

कल्याण पहिल्यांदाच चिडला. "मंग काय चुकीचं सांगितलं? तू चार दिवसांत सुटली असतीस. लेकरू होतं तुझ्याजवळ. मला कोण सोडणार होतं?"

साळवेंनी शिपायाला हाक मारली.

तृप्ती बाहेर आली. बद्रीनाथ पायरीवर तसाच होता. त्यानं बाळीकडं पाहिलं, खूप वेळ. तृप्तीनं पदर पुढं ओढायला हात उचलला आणि तसाच ठेवला.

"तुम्ही लिव्हलं का मराठी?" त्यानं विचारलं.

"हो."

"तीन पाण्यानं धुतला व्हता बाई, लाल रंग जाईस्तोवर. घरवालीला म्हणलं, दुकानात मराठीत लिव्हलंय, आपल्यासाठीच हाय." त्यानं मोबाइल खिशात घातला. "इंग्रजीत असतं तर घेतलाच नसता."