पेडव्याचा कोट

धुक्यातून आधी भोंगा ऐकू आला, मग सायकल दिसली. आमचा म्हातारा कुत्रा पेडवो माझ्या हातातली दोरी ओढत गेला आणि थेट चाकासमोर जाऊन बसला.

"मेलो असतो मरे," सायकलवाला खाली उतरत म्हणाला. मागच्या टोपलीतून गरम पावांचा वास येत होता. "ह्यो कुत्रो आसा की वकील? कोट घालून फिरता."

"केस गळले त्याचे. थंडी बाधता."

"बरो शिवलोहा. खंय घेतलास?"

"घेवक नाय. माझ्या मायन शिवल्यान."

त्यानं वाकून काजं पाहिली, मग सरळ उभा राहून डोक्यावरची टोपी काढली. "म्हणजे तू इनासमावशीचा चेडू... मर्लिन टीचर. मी कॉनरॅड, बेकरीवाल्यांचो. बोटीर होतंय. माका खबर उशिरा गावली."

आमच्या शिरोड्यात माय गेल्याचं वाईट वाटलं, असं आठ महिने सगळे मला सांगत आले होते. टोपी पहिल्यांदाच कुणी काढली होती.

मायची पिशवी अजून दाराआड टांगलेली असते. कुत्र्याला थंडीत फिरवायचं तर रिकाम्या हाती जाऊ नये, असं ती म्हणायची. पिशवीत बॅटरी असते, दवात भिजलेले पाय पुसायला जुना पंचा, भेगाळलेल्या पंजांना लावायला खोबरेलाची बाटली. पट्ट्याला तिनं सायकलचा लाल रिफ्लेक्टर बांधला होता, धुक्यात गाडीवाल्याला दिसावा म्हणून. आणि हा कोट. बाहेरून छत्रीचं निळं कापड, आतून फ्लॅनेल, पोटाखाली चार बटणं. आजारपणात शिवलेला. हात थरथरत होते, पण शिवण ओळंब्यासारखी सरळ. त्यानंतर ती मशीनवर बसली नाही.

त्याच्या पप्पांचा गुडघा दुखत होता म्हणून पावांचा फेरा कॉनरॅडकडे आला होता; नोव्हेंबरभर तो रोज भेटत राहिला. पेडव्याला अर्धा पाव मिळे. पुढे अर्ध्याचा अख्खा झाला.

"टीचर, तुका नको?"

"मी रस्त्यार खायनय."

"मगे खंय खातंस ता सांग. थय हाडून देतंय."

मी हसले नाही. म्हणजे... वळणापलीकडे जाईपर्यंत नाही.

नाताळ उलटला तेव्हा कोटाचं तिसरं बटण लागेना. मग दुसरंही. गवतातलं दव पेडव्याच्या उघड्या पोटाला लागे आणि घरी येऊन तो खोकत बसे. गुरांचे डॉक्टर म्हणाले, पोट सुकं ठेवा, या वयात छाती भरली तर कठीण आहे. शेजारच्या विमलाकाकी म्हणाल्या, शिवण उसव, मधे पट्टी घाल. मी ऐकून घेतलं. मायच्या शेवटच्या शिवणीला मी पातं लावणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी कॉनरॅडनं टोपलीतून एक पुडकं काढलं. सावंतवाडीहून आणलेलं, लाल, चिकटपट्टीचं जाकीट.

"परत कर," मी म्हणाले.

"अगो, त्याका थंडी—"

"माका म्हायत आसा. माझ्या मायचो कोट आसताना त्याका दुसरो नको."

जाकीट परत टोपलीत गेलं. घरी येईपर्यंत पेडवो चार वेळा खोकला. मी दोरी घट्ट धरून चालत होते, आणि माझा ताठपणा त्याच्या छातीवर बसतोय हे मला कळत होतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर कॉनरॅड आमच्या पायरीशी आला. हात रिकामे.

"पाव खंय?"

"बंद. पोट मीच वाढवलंय त्याचा." तो खालच्या पायरीवर बसला. "एक सांगू? माझ्या ल्हानपणी चर्चात पयला कम्युनियन झाला, त्याची पँट इनासमावशीन शिवल्यान. ती मी तीन वर्सां घातलंय. दर वर्साक मम्मी ती घेवन हय येय आणि मावशी म्हणा, 'आत दोन बोटां कापड आसा, घाबरू नको. पोरगो वाढतलोच.'"

मी कोट मांडीवर घेतला. शिवणीवरून बोट फिरवलं. एका जागी ती जाड लागली. दुसऱ्या बाजूलाही.

"तू कापड धर," मी म्हणाले.

त्यानं दोन्ही हातांनी ताणून धरलं. मी पात्यानं पहिला टाका कापला. मग पुढचा. आतून दोन बोटं कापड उलगडलं, उन्हापावसानं न विटलेलं, गडद निळं, मायनं नीट दुमडून ठेवलेलं. दोन्ही बाजूंना सारखं.

कॉनरॅडनं वर पाहिलं नाही. कापड मात्र सोडलं नाही.

टाके मीच घातले. मायइतके सरळ नाहीत, पण चारही बटणं लागली.

आठवड्यानं खोकला थांबला. त्या सकाळी आम्ही तिघं किनाऱ्यावर उतरलो, पावांचा फेरा संपवून आलेला कॉनरॅड सायकल ढकलत. फिरायला आलेल्या पुण्याच्या एक बाई थांबल्या. "किती छान कोट. कुठे मिळतो?"

"मिळत नाही," मी म्हणाले. "माझ्या आईनं शिवलाय."

मग एवढ्यावर राहवेना, म्हणून त्यांना आतली बाजूही दाखवली. त्या गेल्यावर कॉनरॅड गालात हसत होता.

"हसतंस कित्या?"

"मान बघ तुझी. देवळाच्या कळसासारी." मग वाळूकडे बघत म्हणाला, "फेब्रुवारीत माका बोटीर बोलावल्यानी हा. नाय म्हणान कळवलंय."

"पप्पांचा गुडघा दुखता म्हणान?"

"ता पण आसा," तो म्हणाला. "पण पप्पांका मी दुसरा कारण सांगलंय... तुझा नाव घेवन."

लाट आली. पेडव्यानं पंजे उचलले. मी वाकून पिशवीतला पंचा काढला, त्याचे पाय पुसले. तेवढा वेळ मला हवाच होता.

"टोपलेत पाव उरलोहा?" मी विचारलं.

"एक आसा. पण पेडव्याक बंद केलंय."

"पेडव्याक नको," मी म्हणाले, आणि तिथंच, भर रस्त्यासारख्या त्या किनाऱ्यावर, हात पुढे केला.