क्षितिजयान मागे का पडलं?

क्षितिजयान नेपच्यूनच्याही पलीकडे पोहोचलं होतं. पुढचा रस्ता मोकळा होता. तिथे हवा नव्हती, घर्षण नव्हतं, वाटेत एखादा ग्रहही नव्हता. तरीही यान जिथे असायला हवं, त्याच्या थोडं मागेच सापडायचं. वर्षाला काही शेकडो किलोमीटर! अवकाशातल्या अंतरांच्या मानाने हे काहीच नाही. पण कुणीतरी त्याला मागे ढकलत होतं हे नक्की. कोण, ते कुणालाच कळत नव्हतं.

ही गोष्ट २०५९ सालची. जतजवळच्या माळावर एक दूरयान केंद्र होतं. तिथल्या पांढऱ्या अजस्र तबकडीतून क्षितिजयानाशी बोलणं चालायचं. यान बांधणाऱ्यांपैकी एक डॉ. विद्याधर पोंक्षे निवृत्त झाले होते, तरी रोज केंद्रात यायचे. त्यांची नात वैखरी सातवीत होती आणि प्रत्येक सुट्टीला त्यांच्याकडे राहायला यायची. यानाच्या मार्गाचं गणित अरुंधती बिरादार सांभाळायच्या. त्यांची मुलगी नीलांबरी वैखरीच्याच वयाची. दोघी दिवसभर माळावर भटकायच्या आणि संध्याकाळी बिरादार मावशींच्या हातची गरम भाकरी खायच्या.

त्या सुट्टीत केंद्र बघायला आसपासच्या शाळांची मुलं आली होती. वैखरीला यानाची सगळी माहिती तोंडपाठ, म्हणून माईक तिच्याच हाती दिला गेला. ती छान बोलली. टाळ्या पडल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "पण यान मागे का पडतंय?"

"माहीत नाही," एवढंच खरं उत्तर होतं. पण इतक्या टाळ्यांनंतर ते वैखरीच्या तोंडून निघेना.

"गणित चुकलंय," ती ऐटीत म्हणाली. "मार्गाचं गणित बिरादार मावशी करतात. त्याच कुठेतरी हातचा विसरल्या असणार!"

सभागृहात हशा पिकला. वैखरीही हसली, आणि तेवढ्यात तिला दाराशी उभ्या असलेल्या मावशी दिसल्या. शेजारी नीलांबरी होती. मावशी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नीलांबरी मात्र पाठ फिरवून निघून गेली.

कुणीतरी ते बोलणं मोबाइलवर टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं आणि दुसऱ्या दिवशी बातम्यांत आलं. 'यान बांधणाऱ्याच्या नातीनेच सांगितलं', असं वर लिहिलेलं. मग मुख्यालयाचा आदेश आला. चौकशी होईपर्यंत बिरादारांनी मार्गाच्या कामाला हात लावायचा नाही.

आदेश आला तोही भलत्याच वेळी. काही आठवड्यांतच क्षितिजयान 'हिमिका' नावाच्या छोट्याशा बर्फाळ जगाजवळून जाणार होतं. यानाला इथून संदेश पोहोचायलाच चार तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे कॅमेरा कुठे वळवायचा ते आधीच ठरवून कळवायला हवं. यानाची जागा चुकली, तर कॅमेऱ्यात नुसता काळोख येणार. अठरा वर्षांचा प्रवास वाया!

वैखरीला जेवण जाईना. "आजोबा, ओरडा ना मला," ती शेवटी म्हणाली.

"ओरडून काय करू? तुला कळलंय ते," आजोबा म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं. ओरडा बसला असता तर बरं झालं असतं, असं वैखरीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती बिरादारांच्या घरी गेली. दार नीलांबरीने उघडलं आणि ती तशीच आत निघून गेली. मावशी ओट्याशी भाजी चिरत होत्या. वैखरी पाठ केलेलं सगळं बोलणं विसरली.

"मावशी, मी... मला काहीच माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून तुमचं नाव घेतलं."

मावशींनी सुरी खाली ठेवली. "लागलं मला ते," त्या म्हणाल्या. "सगळी मुलं हसत होती आणि नीला माझा हात धरून उभी होती." मग त्यांनी विचारलं, "आता मला सांग, माझं गणित कुठे चुकलंय?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"मलाही माहीत नाही. चुकलं नसेलच असं मी म्हणत नाही. चल, शोधूया. मार्गाला हात लावायला बंदी आहे, विचार करायला नाही."

केंद्राच्या प्रदर्शन दालनात आजोबाही येऊन बसले. आईने बोलावलं म्हणून नीलांबरीही आली, पण लांबच्या खुर्चीवर बसली. वैखरीची नजर फरशीवरून वर उठत नव्हती.

"आधी मोजणीच तपासू," मावशी म्हणाल्या. "रुग्णवाहिका लांब जायला लागली की तिच्या भोंग्याचा आवाज कसा होतो?"

"जाड होतो," वैखरी हळूच म्हणाली.

"रेडिओ लहरींचंही तसंच. दूर जाणाऱ्या यानाकडून आलेल्या लहरींची वारंवारता (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या) कमी होते. किती कमी झाली त्यावरून यानाचा वेग कळतो. आपली मोजणी परदेशातल्या दुसऱ्या केंद्राशी ताडून पाहिली आहे. ती बरोबर आहे."

"मग एखादा न दिसणारा ग्रह ओढत असेल?"

"ग्रह असता तर त्याने इतर ग्रहांनाही ओढलं असतं," आजोबा म्हणाले. "ते आपापल्या मार्गावर ठीक चाललेत. सूर्याची ओढ धरली, ग्रहांची धरली. सूर्यप्रकाशाचा दाबसुद्धा गणितात आहे."

"प्रकाश दाब देतो?"

"देतो. अगदी किंचित. पण अवकाशात त्याला अडवायला काही नसतं, म्हणून वर्षानुवर्षं त्याचा परिणाम साठत जातो."

वैखरीच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मावशी इतकं नीट समजावून सांगताहेत, आणि आपण त्यांचं सगळ्यांसमोर हसं केलं. तिचा चेहरा तापला.

"तुझे कान बघ," नीलांबरी एकदम म्हणाली. त्या दिवसानंतरचे तिचे हे पहिलेच शब्द.

दालनात मुलांसाठी उष्णता टिपणारा एक कॅमेरा लावलेला होता. त्याच्या पडद्यावर चौघं दिसत होती. थंड भिंती निळ्या, माणसं नारिंगी, आणि वैखरीचे गाल व कान लख्ख पिवळे. लाज लपवायला तिने तोंडावर हात घेतले, तर थोड्या वेळात हातही पिवळे झाले.

"लाजू नकोस, ते नुसतं विज्ञान आहे," आजोबा म्हणाले. "तापलेल्या वस्तूतून अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारा, उष्णता नेणारा प्रकाश) बाहेर पडतात. हा कॅमेरा तेच टिपतो."

वैखरीने बोटांच्या फटीतून पडद्याकडे पाहिलं. "तोही प्रकाशच?"

"हो. प्रकाशच."

"मग तोही ढकलतो?" ती चाचरत म्हणाली. "मला नक्की माहीत नाही हं. पण यानसुद्धा तापतं ना?"

आजोबांनी मावशींकडे पाहिलं. मावशी उठून उभ्या राहिल्या होत्या.

"यानात अणुघट आहे (किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेपासून वीज बनवणारं यंत्र)," त्या भराभर सांगू लागल्या. "त्याची बरीचशी उष्णता नुसती बाहेर जाते. ती आम्ही सगळ्यांनी गणितात धरली होती, पण सर्व बाजूंनी सारखीच जाते असं मानून. सारखी गेली तर ढकलाढकली फिटते. पण यानाची संदेश पाठवणारी तबकडी पृथ्वीकडे, म्हणजे मागच्या बाजूला तोंड करून आहे. यंत्रं आहेत तिच्या पुढे. मागे जाणारी उष्णता तबकडी अडवते आणि पुढे परतवते!"

"म्हणजे पुढे जास्त जाते," नीलांबरी म्हणाली. ती चाकं असलेल्या एका खुर्चीत बसली, मांडीवर प्रदर्शनातला एक जाडजूड ठोकळा घेतला आणि तो मुलांसाठी समोर अंथरलेल्या गादीवर जोरात फेकला. ठोकळा पुढे गेला, खुर्ची मागे सरकली. "असं?"

"अगदी असं. यान दिव्यासारखा प्रकाश पुढे फेकतंय आणि स्वतःलाच मागे ढकलतंय."

"पण हे खरंच कशावरून?" वैखरीने विचारलं. या वेळी तिला कसलीच घाई नव्हती.

"शाब्बास. अणुघट वर्षागणिक थंड होत जातो," आजोबा म्हणाले. "तुझं म्हणणं खरं असेल तर मागे ढकलणंही वर्षागणिक कमी झालं पाहिजे. जुन्या मोजण्या काढू."

त्या काढल्या. सुरुवातीच्या वर्षांत जोर अधिक होता, पुढे हळूहळू उतरत गेला होता, अणुघटाच्या उतरत्या उष्णतेबरोबरच. मग मावशींनी यानाची संगणकीय प्रतिकृती बनवली, प्रत्येक पृष्ठभागातून किती उष्णता कुठे जाते ते मांडलं. उत्तर मोजणीशी जवळजवळ जुळलं.

मुख्यालयाची बैठक पडद्यावर भरली तेव्हा वैखरीने आपणहून बोलायची परवानगी मागितली.

"बिरादार मावशींचं गणित चुकलं असं मी म्हणाले, तेव्हा माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. ते मी सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते. या बोलण्याची चित्रफीतही बातम्यांत द्या."

बातम्यांनी ती दिली, पण कोपऱ्यात, अगदी थोडा वेळ. थट्टा जितकी पसरली तितकी माफी पसरत नाही, हे वैखरीला त्या दिवशी कळलं आणि ते तिला फार लागलं. मुख्यालयाने मात्र बंदी उठवली. कॅमेऱ्याचा नवा रोख यानाकडे रवाना झाला.

हिमिकाचं छायाचित्र आलं तेव्हा केंद्रात उभं राहायला जागा नव्हती. पडद्यावर आधी काळोखच उमटला. मग एका कडेने फिकट गुलाबी बर्फ वर आला, त्यावर लांबच लांब भेगा. आजोबा डोळे पुसत होते आणि मावशींना लोकांनी गराडा घातला होता.

वैखरी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. पुढे जायचा धीर तिला होत नव्हता. नीलांबरी गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आली.

"मी अजून थोडी रागावलेली आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"बरं. आई म्हणते, उष्णता धरूनही बारीकसा फरक उरतोच. तो कशामुळे, ते अजून कळलेलं नाही." तिने वैखरीची बाही धरली आणि तिला पुढे ओढलं. "चल, इथून नीट दिसत नाही."