आधी हिरवा दिवा

ठोक्या सकाळी टेंपो घेऊन आला तेव्हा मी ओल्या हातांनीच दार उघडलं. त्याचं खरं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. माझ्या लेकीच्या बँडमध्ये तो ड्रम वाजवतो, म्हणून ठोक्या. आता दोन लेकरांचा बाप आहे, पोट सुटलंय, पण माझ्यासमोर अजून शाळेतल्यासारखा अवघडून उभा राहतो. लेकीच्या बेस गिटारचा अँप्लिफायर त्याने आणला होता. काळा, जड पेटारा आणि कपाळावर बटणांची पट्टी.

ठमी, म्हणजे माझी लेक, कार्यक्रमाहून परतताना झालेल्या अपघातापासून आतल्या खोलीत डोळे मिटून पडून होती. श्वास तिचा ती घेई, चमच्याने भरवलेलं गिळे, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचे आवाज कानावर पडू द्या, कधी कधी माणूस त्यानेही परततं. म्हणून ठोक्या रोज संध्याकाळी तिच्या उशाशी तिचीच गिटार वाजवणार होता. मीही माझ्या परीने देवाला बोलून बसले होते. ठमी पहिला शब्द बोलेपर्यंत, जेवणं आटोपल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी तोंड उघडणार नाही. ठमीचे बाबा म्हणाले, "देवाचं माहीत नाही, मला तर हे व्रत आत्ताच पावलं." म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले.

ठोक्याने पेटारा पलंगाशेजारी ठेवला आणि मला एकेक बटण समजावलं.

"हा गेन, काकू. आत किती घ्यायचं ते. आणि हा मास्टर, बाहेर किती सोडायचं ते. तुमच्या घरात गेन काकांकडे आणि मास्टर तुमच्याकडे."

"फाजीलपणा पुरे. हे दिवे कसले?"

"हिरवा लुकलुकला की समजायचं, आत काहीतरी येतंय. लाल म्हणजे सोसवेना इतकं येतंय. मग गेन थोडा उतरवायचा. हे म्यूट. दाबलं की पिवळा लागतो आणि आवाज बंद. पण तोंडच बंद हं, कान उघडे. तार छेडली तर हिरवा लागणारच. आपल्याला ऐकू येणार नाही, एवढंच."

माझ्यासारखाच आहे म्हणायचा हा, असं मनात आलं आणि त्या पेटाऱ्याबद्दल उगाच माया वाटली.

गिटारच्या तारा गंजल्या होत्या. त्या बदलायला तो गिटार घेऊन गेला. अँप बरेच दिवस बंद होता, जरा तापू दे म्हणून चालू करून, म्यूट दाबून ठेवला. बाबा कामाला गेले. जेवण झालं, माझं मौन सुरू झालं. पडदे ओढलेली खोली, औषधांचा वास, त्यात तापलेल्या धुळीचा एक करपट वास मिसळलेला. मी ठमीच्या पायांना तेल चोळत बसले होते.

हिरवा दिवा लुकलुकला.

एकदा, मग थांबून पुन्हा. गिटारला जोडायच्या वायरचं दुसरं टोक जमिनीवर मोकळं पडलं होतं. माझा पाय लागला असेल म्हणून मी पाय आखडून घेतले. दिवा लागतच राहिला. शेवटी वायर पेटाऱ्यातून उपसून काढली आणि गुंडाळून ठेवली. आता आत यायला वाटच नव्हती.

तरी हिरवा... विझला... हिरवा.

तेवढ्यात पांघरूण हललं. ठमीची बोटं. दोन बोटं आळीपाळीने चादरीवर चालत होती, ती तार छेडायची तशीच. माझ्या छातीत काय झालं ते लिहिता येणार नाही. लेक वाजवतेय, आणि तिचं वाजवणं या पेटाऱ्याला कळतंय. मला दुसरं काही सुचलंच नाही. अशक्त लेकराला दोन घास जास्त भरवावेत तसा मी गेन वाढवला. बोटांना जोर आला. अजून वाढवला. मनगट उचललं गेलं, कोपर, मग खांदा.

मी हसत होते, रडत होते, दिवा बघत होते आणि बोटं बघत होते. आणि बघता बघता ते माझ्या लक्षात आलं.

बोट हललं की दिवा लागत नव्हता. आधी दिवा लागत होता. मग बोट हलत होतं.

हाक मारायला जीभ उचलली आणि तिथेच दाबून धरली. आत्ता नेम मोडला आणि लेक गेली तर? मी गेन हळूहळू उतरवला. हात चादरीवर पडला. बोटं थांबली. मग छाती... तिचा श्वास लांबत गेला, मध्ये मोठी पोकळी, पुढचा येईना. मी घाईने बटण पुन्हा फिरवलं. श्वास आला.

मग बटणावरचा हात काढायची माझी छाती झाली नाही. तशीच बसून राहिले. देवाचं नाव मनात घेत होते, पण ते घेतानाही डोळे त्या दिव्यावर. कोण वाजवतंय, हे विचारायचं नाही असं मी ठरवलं. लेक परत येतेय ना, मग ज्याच्या हातून येईल त्याच्या हातून येऊ दे.

लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. ठमीचे ओठ उघडले.

"आई."

"बाळा," मी म्हणाले. माझं मौन तिथे फिटलं.

संध्याकाळी बाबा दारातच खाली बसले. ठोक्या नव्या तारांची गिटार घेऊन आला आणि हमसून रडला. मग सवयीनेच अँपची भिंतीतली पिन काढायला वाकला. मी झडप घालून त्याचं मनगट धरलं, पण पिन निघाली होती. सगळे दिवे विझले.

"काकू, काय झालं?"

ठमी उशीला टेकून पाणी मागत होती. मी मनगट सोडलं. "काही नाही रे. ने तो पेटारा." दुपारभर आपण कसल्या भ्रमात होतो, म्हणून स्वतःलाच हसलेसुद्धा.

ठमी आता घरभर चालते. बाबांशी वाद घालते, माझ्या व्रतांची थट्टा करते. काल सकाळी ती आत केस विंचरत होती तेव्हा ठोक्याचा फोन आला. त्याचा आवाज दबलेला होता.

"काकू, तिचा अँप इथे सरावाच्या खोलीत आहे. पिन काढलेली, वायर नाही, काही नाही. आणि हिरवा दिवा लागतोय. आत्ता थांबला... थांबलाच आहे..."

आत ठमी गप्प होती. मी श्वास रोखून ऐकत राहिले.

"लागला," ठोक्या म्हणाला.

"आई, कुणाचा फोन गं?" आतून ठमीने विचारलं.

मी भिंतीला हात टेकला. लेकीचा आवाज तोच होता, लाडिक, थोडा घोगरा. असू दे, मी स्वतःला समजावलं. आहे ना घरात, हाक मारते ना. मी हसरा गळा करून तिला म्हटलं, "आले गं."

"काकू," ठोक्या अगदी हळू म्हणाला, "तुम्ही आत्ता 'आले' म्हणालात ना... त्याच्याही आधी लागला."