विरजणाची वाटी

या वर्षी आमच्या शाळेची सहल चंद्रपूरला गेली होती. पहाटे देवळीहून एसटी निघाली. गोंड राजांच्या समाध्या पाहिल्या, जुन्या शहराच्या वेशी पाहिल्या, आणि दुपारी परकोटाच्या, म्हणजे शहराभोवतीच्या तटाच्या, एका पडक्या भागापाशी सावलीत बसून आम्ही डबे उघडले. तोपर्यंत सगळं साधंच होतं.

माझ्या शेजारी गुंजन होती, माझी चुलतबहीण. तिच्या बाबांचं, म्हणजे प्रफुल्लकाकांचं नवीन घर आमच्या अंगणाला लागूनच बांधून झालं होतं. रविवारी गृहप्रवेश होता. आमचं घर मात्र जोत्यावरच अडलेलं. आम्ही टिनाच्या खोलीत राहतो. पावसाळ्याआधी स्लॅब पडावा, एवढंच आईचं मागणं असतं.

तटावर लोकांनी दगडावर दगड रचून ठेवले होते. ज्याला घर हवं असतं, तो असं इवलंसं घर रचतो आणि मनात मागतो. आमच्याकडे हे कुठल्याही टेकडीवर दिसतं. कोणी बघत नाही असं पाहून मीही रचलं. सगळ्यात वर पांढरा दगड ठेवला. त्याच्या पोटावर तांबडी रेघ होती.

गुंजनला मात्र भिंतीच्या कोनाड्यातलं एक घर दिसलं. ते एकटंच होतं आणि फार जुनं असावं. सांध्यांत मुंग्यांनी माती भरली होती. वरचा दगड काळा, चपटा, रोज हात फिरवल्यासारखा गुळगुळीत.

"हा शोकेसमध्ये ठेवीन," म्हणत तिने तो उचलला. खालचे दगड घसरले. आवाज दगडांचा आला नाही. बंद खोलीत भांडी पडावीत, तसा आला.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मंदाबाई आम्हा मुलींसोबत आल्या होत्या. त्या हातातला घास तसाच ठेवून उठल्या.

"ठेव तो वापस. लोकाच्या घराले हात नाई लावत पोरी."

"कोनाचं घर, मावशी? मालकीन तं दिसून नाई राह्यली," गुंजन हसली. मग कोनाड्यात तोंड घालून ओरडली, "ओ बाई! तुमचं घर मोडलं! आता माह्या घरी राहाले येजा!"

मुली खो खो हसल्या. मंदाबाई हसल्या नाहीत. कोनाड्यातून गार हवेचा एक झोत आला. त्याला विझलेल्या चुलीच्या राखेचा वास होता.

परतताना बसमध्येही तो वास होता. गुंजन खिडकीशी बसली होती, मी तिच्याच बाकावर.

"सरक ना वं मयुरी, किती दाबतं!"

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. आमच्या दोघींच्या मध्ये हातभर जागा रिकामी होती.

रविवारी भंतेजी आले, वंदना झाली, सगळ्यांना खीर वाढली. शोकेसमध्ये काळा दगड चकाकत होता. संध्याकाळी आम्ही सगळेच पाहुण्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. परत आलो तर काकांच्या घराला आतून कडी.

काकांनी दार वाजवलं. आत बांगड्या वाजल्या. मग बाईचा आवाज आला. शांत, अनोळखी माणसाला घरधनीण विचारते तसा.

"कोन पाह्यजे?"

"कोन आहे बे आत?" काका चिडले. "माहं घर आहे हे!"

मग दाराच्या अगदी जवळून...

"नाई... माहं आहे. मले बोलावलं... म्हनून आली."

काकांनी शेजाऱ्यांना बोलावून कडी तोडली. आत कोणी नव्हतं. नव्या फरशीवर मधोमध राखेचा ढीग होता. काकूंनी हात लावला तर कोमट.

"आपन भूत-बित मानत नाई," काका म्हणाले. "चोर असंन." त्यांनी राख झाडून टाकली, नवी कडी बसवली आणि सगळे तिथेच झोपले.

सकाळी आई सडा टाकायला उठली आणि ओरडली. काका, काकू आणि गुंजन अंगणात होते. आपापल्या गादीवर, अंगावर पांघरूण, गाढ झोपेत. नव्या घराला आतून कडी होती. काळा दगड गुंजनच्या छातीवर ठेवलेला होता, आणि तिच्या दोन्ही दंडांवर राखेने उमटलेली बोटं होती. ती आजही धुतली जात नाहीत.

गुंजनने तो दगड पायरीवर ठेवला. दाराशी तोंड नेऊन ती अडखळत म्हणाली,

"हा घे वं बाई तुहा दगड... चुकलं माहं... आमचं घर सोड..."

आतून कोणीतरी हसलं. मोठ्याने नाही. पोट भरल्यावर माणूस हसतो तसं.

"राहू दे तुलेच... मले घर भेटलं."

काका आता वर्ध्याला भाड्याच्या खोलीत राहतात. गुंजनने शाळा बदलली. त्या घरात दिवसा खिडक्या उघड्या असतात. त्या कोणी उघडत नाही.

परवा दिवेलागणीला लाइट गेली. मी कंदिलाजवळ अभ्यासाला बसले होते. तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीपलीकडून हाक आली.

"मयुरी... थोडं विरजण दे ना वं..."

आईनेही ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. पण तिने वाटीत चमचाभर दही घातलं आणि वाटी भिंतीवर ठेवून मागे न बघता आत आली.

"शेजारीन झाली ते आता," ती हळूच म्हणाली. "मागतलं तं नाई म्हनू नये. आपल्याले तरी राहू देईन."

आज सकाळी वाटी आमच्या दाराशी होती. राखेने घासून लख्ख केलेली. शेजारची वाटी कोणी रिकामी परत करत नाही. तिनेही केली नव्हती.

वाटीत पांढरा दगड होता. मी तो उलटा करून पाहिला. पोटावर तांबडी रेघ होती.

म्हणजे तिकडे तटावर माझं घर मोडलं होतं. आणि मी तर तिला बोलावलंही नव्हतं.

वाटी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. आई आत चूल पेटवत होती. बाहेर, आमच्या अर्धवट जोत्यावर, बांगड्या वाजल्या.