पहिला घोट

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनाही जरा जागा द्या, बाबांनो. गोष्ट लहान आहे, पण एकट्याने ऐकायची नाही. तहानेची गोष्ट आहे. देवाने भूक कुणाला कमी दिली, कुणाला जास्त. तहान मात्र सगळ्यांना सारखी दिली. किती सारखी, ते आता ऐका.

एक वहिनी होत्या. मागच्या खोलीत आलं-लिंबाचा सोडा करायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना सोडावहिनी म्हणायची. मशीन हाताचं. एक बाटली लावा, दांडा ओढा, गॅस भरा, झाकण दाबा, की मग दुसरी. दांडा ओढायचे धाकटे दीर आणि चव बघायचे वहिनींचे यजमान. खेप भरून झाली की वहिनी बोटातल्या अंगठीने काचेवर टकटक करायच्या. यजमान असतील तिथून बेसूर गुणगुणत हजर! एक बाटली उघडायची, डोळे मिटून चांगला घसघशीत घोट घ्यायचा आणि म्हणायचं, "चालेल." जन्मात कधी "छान" म्हणाले नाहीत.

यजमान गेले. अंगठीची सवय गेली नाही. खेप संपली की ती आपोआप वाजायची.

एकदा दीर म्हणाले, "वहिनी, ही बाटली कमी भरलीत."

"भरली तुम्ही, भाऊजी. मी फक्त पुसतेय."

झाकण घट्ट होतं, काच कोरडी होती, आणि आत बरोबर एक घसघशीत घोट कमी. पुढच्या खेपेला तसंच, त्याच्या पुढच्याही. मग ती बाटली खिडकीत वेगळी ठेवायची रीत पडली. त्यावर कुणी बोलायचं नाही, एवढंच.

सोड्याला गिऱ्हाईक वाढलं. बेकरीवाला मागायला लागला, शाळेचं कॅन्टीन मागायला लागलं. दिरांचा खांदा मात्र बोलायला लागला.

"वहिनी, एक दिवस हा हात दांड्यालाच राहील आणि मी तेवढा घरी येईन. मोठं मशीन घेऊ या."

"जुन्याला काय धाड भरलीय?" वहिनी म्हणाल्या. मनात वेगळंच होतं. मोठ्या मशीनवर हे येतील का? नाही आले, तर आपल्या हातानेच त्यांना घालवल्यासारखं होईल.

तरी दिरांना घेऊन मशीनच्या दुकानात गेल्या. जाताना आल्याचा अर्क डब्यात घेतला.

मशीनवाला हौशी होता. स्टीलची टाकी, शेजारी गॅसचा सिलिंडर, दाब दाखवणारा काटा, खाली ओळीने नळ. "ताई, पाणी जितकं गार, तितका गॅस मुरतो. बर्फासारखं पाणी घाला आणि निवांत बसा!"

"आमचाच सोडा भरून दाखवा."

त्याने भरला, झाकणं दाबली. वहिनींनी अंगठी वाजवली. बाटल्या जशाच्या तशा.

"काच जाड आहे हो," तो म्हणाला. "ठोकून बघायला नको."

वहिनींचा चेहरा उतरला. तेवढ्यात कोपऱ्यात दुसरी टाकी दिसली. पोचे आलेली, पण लख्ख घासलेली.

"ते जुनं आहे. एका आजींचं. त्या गेल्या आणि पोरांनी इथे आणून टाकलं. चालतं मात्र नव्यासारखं."

त्यावरही भरलं. वहिनींनी अंगठी वाजवली.

कडेच्या बाटलीतला सोडा खाली सरकला. बोटभरच. बुडबुडा नाही, आवाज नाही.

"गळतेय वाटतं," म्हणत मशीनवाल्याने झाकणाखालून अंगठा फिरवला. अंगठा कोरडा निघाला. तो पँटला उगाचच पुसला.

"हेच घेऊ," वहिनी म्हणाल्या. डोळे भरून आले होते.

परतताना दीर हळूच म्हणाले, "दादा एवढासाच घोट घेत नव्हता, वहिनी."

"परकं दुकान. लाजले असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरची पहिली खेप निघाली. वहिनींनी श्वास रोखून टकटक केलं.

एक बाटली घसघशीत घोटाने कमी. वहिनी खुदकन हसल्या. "आले बघा!"

दीर हसले नाहीत. त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

शेजारची बाटली. बोटभर कमी.

"म्हणजे काल दुकानात..."

"ते हे नव्हते," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी दोन्ही बाटल्या उचलल्या आणि खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या. आलेल्याला उपाशी का कुणी परत धाडतं? पुढे तीच रीत झाली. ह्यांची एक, आजींची एक.

मग एका दुपारी वहिनींचे हात आल्याने माखले होते. अंगठी फळीवर काढून ठेवलेली. बाटल्या भरून ओळीत उभ्या. दीर मोरीत झाकणं धूत होते.

टकटक.

दिरांनी नळ बंद केला. वहिनींनी फळीकडे पाहिलं. अंगठी जागच्या जागी.

पुन्हा टकटक. हा आवाज काचेचा नव्हता, स्टीलचा होता.

टाकीच्या आतून. हलकेच, कुणाला त्रास नको अशा बेताने.

"हो, आजी," वहिनी म्हणाल्या. "झालंच."

त्या आजींचं नाव मशीनवाल्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती करतो. सोड्याची बाटली उघडाल तेव्हा फेस विरेपर्यंत थांबा आणि त्यांची आठवण काढा. नुसती आठवण काढा हं. काचेवर टकटक करू नका. ऐकणारे पुष्कळ असतात.