चौथी खुंटी

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस तंबू विकत आणतो तेव्हा सगळ्यात आधी तो मोजतो. खोक्यावर लांबी छापली होती दोन मीटर दहा सेंटिमीटर. तंबू भरला दोन मीटर सहा. निवृत्त निरीक्षकांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. कंपनीने तिन्ही पत्रांना सारखाच न्याय दिला, म्हणजे एकालाही उत्तर दिलं नाही. शेवटी निरीक्षकांनी त्याच रंगाचं कापड आणलं आणि बायकोच्या शिलाई मशीनवर ते स्वतःच चार सेंटिमीटरची पट्टी जोडायला बसले.

"वाकडं जातंय," बायको म्हणाली.

"मशीन वाकडं आहे," निरीक्षक म्हणाले.

त्याच मशीनवर शिवलेले घरातले सगळे पडदे सरळ लोंबत होते, पण हा पुरावा निरीक्षकांनी विचारात घेतला नाही. पट्टी एका टोकाला चार सेंटिमीटर निघाली आणि दुसऱ्या टोकापर्यंत जाता जाता अकरा झाली. त्यामुळे तंबूच्या तीन खुंट्या जिथल्या तिथे आणि चौथी सात सेंटिमीटर बाहेर, अशी अवस्था झाली. असल्या आकाराचा तंबू जगात दुसरा नसणार, हे निरीक्षक जरा अभिमानानेच सांगत.

मुळात हा तंबू घरात आला तो साडूंमुळे. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त विमा एजंट. मागच्या वर्षी ते एकटेच गाडी घेऊन किनाऱ्याच्या रस्त्याने गेले, पाच ठिकाणी तंबू ठोकून राहिले आणि परत आले. परत आले तरी प्रवास काही संपेना. कुणाचा वाढदिवस असो की कुणाचं ऑपरेशन, साडू पहिल्या मुक्कामापासून सुरुवात करत. दर खेपेला लाटा थोड्या उंच होत. त्यांच्या बुटात खेकडा शिरतो, त्या जागेला निरीक्षकांची बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसे. निरीक्षकांनी मोजलं होतं, अकरा वेळा.

आपण चौतीस वर्षांच्या संसारात तिला किती वेळा असं हसवलं, तेही त्यांनी मोजलं होतं. दोन वेळा. त्यातल्या एकदा ते स्टुलावरून पडले होते.

"भाऊजी सांगतात किती छान!" ती म्हणायची, आणि निरीक्षकांच्या पोटात असं काही दुखायचं की डॉक्टरांनाही सापडलं नसतं. त्यांना समुद्राचं काही कौतुक नव्हतं. त्यांना हवी होती एकच गोष्ट, घरी येऊन सांगता येईल आणि ती ऐकून बायको खेकड्यापेक्षा जास्त हसेल अशी. साडूंनी पाच मुक्काम केले होते. निरीक्षकांनी सात ठरवले.

पहिला मुक्काम दीपगृहामागच्या माळावर होता. रस्ता सबंध दिवस कड्याच्या कडेकडेने चालला होता. उजवीकडे डोंगर, डावीकडे खाली पांढऱ्या फेसाची ओळ, आणि काच खाली केली की खारट, दमट वारा थेट बनियनपर्यंत. माळाचा राखणदार खुर्ची टाकून बसला होता. निरीक्षकांना पाहून तो उठलाच.

"ती खडकाजवळची जागा घ्या," तो म्हणाला. "काल एक गृहस्थ होते तिथे. काय माणूस! आमची हसून हसून मुरकुंडी वळली."

निरीक्षकांनी खडकाजवळची जागा घेतली नाही. कुणीतरी आदल्याच दिवशी तिथे राहून लोकांना हसवून गेलंय, हे ऐकून ती जागा त्यांना उष्टी वाटली. त्यांनी तंबू नळाजवळ ठोकला आणि रात्रभर नळ ठिबकला. त्या सगळ्या वाटेवर मोबाइलला रेंज नव्हती. झोपण्याआधी त्यांनी राखणदाराच्या ऑफिसातून घरच्या फोनवर फोन लावला होता.

"एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर झाले," ते म्हणाले होते.

"हं."

"लिटरला चौदा पूर्णांक दोन पडलं."

"जेवलात?"

"अंडी खाल्ली."

"हं," बायको म्हणाली होती. "ठेवू?"

दुसरा मुक्काम चिंचोळ्या खाडीच्या तोंडाशी होता. तिथली मालकीण दोरीवर चादरी वाळत घालत होती. गाडी थांबताच ती चिमटे तोंडात तसेच ठेवून हसत पुढे आली.

"आलात का परत? विसरलात काय?"

"मी पहिल्यांदाच येतोय," निरीक्षक म्हणाले.

तिने चिमटे काढले, त्यांना नीट न्याहाळलं आणि तिचं हसू उतरलं. "हो की. नाही, ते तुम्ही नव्हे. चेहरा अगदी तोच हो, पण ते हसरे होते."

या वेळी निरीक्षकांनी चांगली जागा सोडली नाही. खाडीकडे तोंड करून तंबू पसरला आणि खुंट्या ठोकायला हातोडी उचलली. हातोडी लागलीच नाही. चारही खुंट्या लोण्यात सुरी जावी तशा जमिनीत गेल्या. माती भुसभुशीत आहे, असं त्यांनी डायरीत लिहिलं. मग गाडीकडे जाताना त्याच मातीवर त्यांना ठेच लागली आणि अंगठा ठणकत राहिला. माती दगडासारखी होती.

संध्याकाळी त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "भाऊजी कुठायत?"

"घरी. कुठे असणार? सकाळी ताईला सोडायला आले होते. गुडघा धरलाय त्यांचा." बायको थांबली. "का हो?"

"काही नाही."

तर साडू नव्हते. निरीक्षकांना वाईट वाटलं. साडूंवर जळण्याची त्यांना सवय होती, त्यात एक घरगुती ऊब होती. आता कुणावर जळायचं, हेच कळेना. तरी जळफळाट काही थांबला नाही.

तिसरा मुक्काम लागला तेव्हा चार वाजले होते. ऑफिसला कुलूप, माणूसकाणूस नाही, कड्याच्या टोकावर वाकलेलं एक झाड आणि त्याखाली सपाट जमीन. निरीक्षकांनी तंबू तसाच गाडीत ठेवला आणि आधी गुडघ्यांवर बसून गवत बाजूला केलं. चार भोकं होती. ताजी, कडा न ढासळलेली.

त्यांनी टेप काढली. पहिल्यापासून दुसरं भोक, दुसऱ्यापासून तिसरं. मग चौथं.

सात सेंटिमीटर बाहेर.

त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग त्यांनी टेपच तपासली, कारण एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. मापात खोट दिसली की आधी मापावर संशय घ्यायचा. टेपवर त्यांच्याच खात्याचा शिक्का होता. टेप बरोबर होती.

झाडाखाली कुणीतरी बसून गेल्याची खूण होती. गवत दबलं होतं, शेजारी अंड्याची टरफलं नीट एकात एक घालून ठेवली होती. टरफलं अशी ठेवणारा दुसरा माणूस निरीक्षकांनी पाहिला नव्हता. बायको या सवयीला वैतागायची.

भीती वाटायला हवी होती. पण निरीक्षकांच्या मनात आलं ते वेगळंच. समुद्र इथून किती छान दिसतोय, आणि हा त्यानं आधी पाहिला.

त्या रात्री ते गाडीतच झोपले. आजूबाजूला फोन नव्हता, त्यामुळे घरीही बोलणं झालं नाही.

चौथ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांनी गाडी काढली. चौथा मुक्काम मागे टाकून थेट पाचवा गाठायचा, म्हणजे त्या इसमाच्या नाकावर टिच्चून पुढे जाता येईल, असा साधा हिशेब होता. चौथ्या मुक्कामाची पाटी आली तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. वळणं सुटत गेली, सूर्य उजवीकडच्या डोंगरावरून डोक्यावर आणि डोक्यावरून डाव्या हाताला आला. दुपारी ते पाचव्या मुक्कामाच्या फाटकात शिरले. इथला व्यवस्थापक टाय लावून होता आणि किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवत होता.

"या. जागा राखून ठेवलीय तुमची."

"मी काही कळवलं नव्हतं."

"त्यांनी सांगितलंय ना. काल इथे होते ते. म्हणाले, मागून आमचे एक येतायत, ते मधला मुक्काम गाळून घाईघाईनं येतील, त्यांना चांगली जागा द्या." व्यवस्थापक हसला. "फार जीव दिसतो हो त्यांचा तुमच्यावर."

निरीक्षकांनी ऑफिसातला फोन ओढला आणि घरी लावला.

"अहो!" बायको म्हणाली. तिच्या "हं"ची जागा या "अहो"ने घेतली होती, आणि त्यात हसू आधीपासूनच भरलेलं होतं. "आज लवकर केलात? मी ताईला सांगितलं तुमच्या बगळ्याचं. ती पलंगावरून पडायची राहिली!"

"कसल्या बगळ्याचं?"

"आता वेड पांघरू नका! गाडीच्या टपावर बगळा बसलाय याचा तुम्हाला पत्ताच नाही, रस्त्यावरचे लोक हात करतायत, आणि तुम्ही मंत्र्यासारखे ऐटीत सगळ्यांना हात करत चाललाय, बारा किलोमीटर!" ती हसत सुटली. मध्येच श्वास घेई आणि पुन्हा हसे. "काल अर्धा तास बोललात. इतकं छान बोलता येतं तुम्हाला, मला माहीतच नव्हतं हो."

काल निरीक्षकांनी फोन केला नव्हता. बगळा टपावर बसला नव्हता. चालत्या गाडीच्या टपावर कुठलाही बगळा बारा किलोमीटर बसत नाही, हे तर कुणीही सांगेल. हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं.

आणि ती हसत होती. खेकड्यापेक्षा जास्त. त्यांच्यामुळे, म्हणजे जवळजवळ त्यांच्यामुळे.

एकतीस वर्षांत त्यांनी दहा ग्रॅम कमी भरलेलं वजनही सोडलं नव्हतं. भाजीवाल्या विधवेचं नाही, खात्याच्या साहेबांच्या मेव्हण्याचं नाही.

"हो," निरीक्षक म्हणाले. "गंमतच झाली ती."

"मग पुढे काय झालं त्याचं?"

"घरी आल्यावर सांगतो."

त्यांना त्या रात्री फार छान झोप लागली. प्रवासातली पहिलीच.

पाचव्या दिवशी दुपारी ते सहाव्या मुक्कामावर पोहोचले. बंद पडलेल्या मिठागराशेजारी एक पत्र्याची खोली, आत टेबल, टेबलावर फोन. बाहेर मैदान रिकामं होतं. राखणदारीण जेवत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, कुणी आलंय याची दखल मात्र घेतली नाही.

आज फोनवर काय सांगायचं, याचा निरीक्षकांनी वाटेत विचार केला होता. बगळा शेवटी एका लग्नाच्या मांडवात उतरतो, असं काहीतरी जमत आलं होतं. त्यांनी नंबर फिरवला.

"हॅलो?" बायकोचा आवाज प्रसन्न होता.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"अगं, मी!"

मग ती बोलली ते परक्या माणसाशी बोलावं तसं, अदबीने.

"हे आत्ताच पोहोचलेत हो प्रवासाहून. मागच्या दारी आहेत. बोलावू का? कोण बोलतंय म्हणून सांगू?"

निरीक्षकांकडे पुरावे होते. लग्नाची तारीख होती. कपाटाच्या किल्लीची जागा होती. तिच्या वडिलांनी शेवटच्या आजारात त्यांचा हात धरून जे सांगितलं, ते फक्त त्यांनाच माहीत होतं. ते एकेक मांडणार होते.

तेवढ्यात मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं. शब्द कळले नाहीत. पण बायको हसली.

हे हसू निरीक्षकांनी कधीच ऐकलं नव्हतं. अकरातलं नाही, दोनातलं नाही.

"फोन ठेवू नका हं," ती फोनमध्ये म्हणाली.

पावलं आली. सावकाश, घरातल्या माणसाची.

"बोला," आवाज म्हणाला.

निरीक्षकांनी फोन दुसऱ्या कानाला लावून पाहिला.

"कुठपर्यंत पोहोचलात?" आवाजात आपुलकी होती.

"सहाव्या."

"अरे वा. आता सातव्यावर भिंतीच्या आडोशाची जागा घ्या. वारा लागत नाही. मी सांगून ठेवलंय."

"आभारी आहे," निरीक्षकांच्या तोंडून निघून गेलं.

"घाई करू नका अजिबात. इथे सगळं ठीक आहे."

"कुणाचा हो फोन?" बायकोने लांबून विचारलं.

"प्रवासातले आहेत गं एक. एकटेच आहेत बिचारे."

"अगं बाई," ती म्हणाली, "मग बोलवा ना त्यांना कधीतरी जेवायला."