पूर्वेकडची रेघ

बाळकृष्ण साळोखे त्या संध्याकाळी घरातून निघाला तो मैदानावर फक्की मारायला. फक्की कळते ना रे चारू? मैदानावर पांढऱ्या रेघा मारतात ती चुन्याची पूड. दुसऱ्या दिवशी फुटबॉलची फायनल होती आणि रेघा मारायला माणूस उरला नव्हता. काम एवढंच.

नयना, ती मेणबत्ती जरा लांब ठेव, डोळ्यांवर येते. झिरकपूरची लाइट गेली की तासभर काही येत नाही, तोवर ऐका. बाळकृष्ण माझ्याच ऑफिसातला. कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल रक्तातच. बदलीवर चंदीगडला आला आणि वर्षाच्या आत इथला पक्का रेफरी झाला. हे सगळं त्यानं मला स्वतः सांगितलंय. शेवटचं तेवढं मी स्वतः हात लावून बघितलंय.

तारीख बारा जानेवारी एक्क्याण्णव. शनिवार. संध्याकाळचे सव्वासहा. पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस ते, तेव्हा इथं सव्वासहा म्हणजे रात्रच असायची. दिवेलागणीच्या आत शटरं खाली, रस्त्याला कुत्रं दिसायचं नाही. रोज पेपरात माणसं मेलेली. या सेक्टरातला त्या सेक्टरातल्याला ओळखायचा नाही. सगळं शहर एका जागी शेजारी-शेजारी बसायचं ते फक्त आमच्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर. खरडचे मास्तर, पिंजौरचे कामगार, साहेब लोक, रिक्षावाले. शेंगा सोलायच्या आणि रेफरीला शिव्या द्यायच्या. बाळकृष्ण म्हणायचा, "राजाभाऊ, मला शिव्या देताना हे लोक एक होतात. अजून काय पाहिजे?"

त्या स्टेडियमचा माळी होता करनैलसिंग. साठीचा सरदार. गवत त्याचं, रेघा त्याच्या. मॅचच्या आदल्या संध्याकाळी फक्कीची गाडी ढकलायचा आणि बाळकृष्णाला म्हणायचा, "साबजी, फीता लगा के देख लो." कधी बोटभर चूक निघाली नाही.

डिसेंबरात खरडच्या रस्त्यावर करनैल बसला होता ती बस अडवली. बंदूकवाले आत चढले आणि लोकांना निवडून निवडून खाली उतरवायला लागले. करनैलची पगडी बघून म्हणाले, तू बस, तुझं काम नाही. तो उठला आणि दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, "पहले मैनूं लाहो." आधी मला उतरवा.

त्यांनी उतरवलं.

नंतर जानेवारीत स्टेडियमच्या फाटकावर कागद चिकटवलेला सापडला. फायनल खेळवाल तर प्रेतं मोजाल. कमिटीचे सेक्रेटरी चावला घाबरले. "साळोखेजी, रेघा कोण मारणार? कुणी तयार नाही. रेघा नाहीत तर मॅच नाही, सरळ बात."

बाळकृष्ण म्हणाला, "मी मारतो."

शशिकलावहिनी दारात आडव्या आल्या. "तुम्हालाच का जायला पाहिजे?"

"करनैल असता तर तो गेला असता. तो नाही, म्हणून मी."

धुकं असं, की स्कूटरचा दिवा चार हातांवर विझल्यासारखा वाटायचा. फाटकावरच्या पहाऱ्याच्या जवानानं नाव लिहून घेतलं आणि लहान दार उघडलं. आत कोणी नव्हतं. बाळकृष्णानं खोलीतून गाडी काढली. गाडी एकच होती. फक्की भरली, दोरी ताणली आणि पश्चिमेच्या बाजूनं सुरुवात केली.

गाडीचं चाक कुरकुरत होतं. कुर्रर्र... कुर्रर्र...

अर्ध्या मैदानापर्यंत आला. दम खायला थांबला.

कुर्रर्र... कुर्रर्र...

आवाज थांबला नाही.

समोरून येत होता. पलीकडून. पूर्वेच्या बाजूनं.

"कौन है?"

चाक चालत होतं. सावकाश. सवयीच्या हातानं ढकलल्यासारखं.

फाटक बंद होतं. गाडी त्याच्या हातात होती.

मला म्हणाला, "राजाभाऊ, पाय फाटकाकडे वळले होते. मग मनात आलं, आज पळालो तर त्या कागदाचंच ऐकल्यासारखं झालं." वळला माघारी. दात आवळले आणि पश्चिमेची रेघ पुरी केली. पलीकडचं चाकही चाललंच होतं. मग एकदम... थांबलं.

बॅटरी घेऊन तो पूर्वेला गेला.

रेघ मारलेली होती. ताजी. कोपऱ्यापासून सरळ. दवानं भिजलेल्या गवतावर त्याच्या स्वतःच्या बुटांचे ठसे उमटत होते. रेघेच्या बाजूला मात्र चाकाचा माग नाही. पावलाचा नाही. काहीच नाही.

तो रेघेच्या कडेनं चालत गेला. राखीव पोरांची बाकडी असतात तिथवर. आणि तिथं रेघ वाकली होती. सरळ येता येता आत वळलेली, परातीएवढ्या जागेला अर्धा वळसा घालून पुन्हा सरळ.

रेफरीचा जीव. भीती बाजूला राहिली, वैताग आला. तोंडातून निघून गेलं, "करनैल, ये क्या किया?"



रेघ पुसायला त्यानं बूट उचलला.

कुर्रर्र.

कानाशी. अगदी मानेच्या मागे.

बूट तसाच हवेत राहिला. मागे बघायची हिंमत नव्हती. त्यानं पाय हळूच मागे टेकवला. वाकला. बॅटरी खाली धरली.

त्या वळशाच्या आत गवत चौकोनी कापून परत बसवलेलं होतं. कडेला वायरचं टोक.

(चारू, बोलू नकोस मध्ये. सांगतोय ना.)

तो उलट्या पावलांनी, आपल्याच ठशांवर पाय देत फाटकापर्यंत आला. जवानानं वायरलेस केला, बॉम्ब निकामी करणारी माणसं आली. रात्री नऊला त्यांनी तो खड्ड्यातून बाहेर काढला आणि सगळं मैदान तपासून झाल्यावर त्यांचा साहेब म्हणाला, "बाकड्यांवर पोरं बसली असती तर एक उरलं नसतं. आपको कैसे पता चला?"

बाळकृष्ण म्हणाला, "रेघ चुकली होती."

चावलाही धावत आले होते. "आता तरी मॅच रद्द करा!"

"का? बॉम्ब निघाला की. मघापर्यंत होता, आता नाही. उलट आता खेळायचं. ज्यानं ही रेघ मारली त्यानं मॅच बंद पडावी म्हणून मारली नाही."

"किसने मारी?" चावलांनी विचारलं.

बाळकृष्ण फक्कीची गाडी खोलीत ठेवायला गेला.

रविवारी दोन वाजता धुकं विरलं. बॉम्बची बातमी गावभर झालेली. माझी खात्री होती की पायऱ्या रिकाम्या असणार. अरे, बसायला जागा नव्हती! फायनलला उतरलेली माहिलपूरची पोरं टेंपोत उभी राहून गात आली. बायका आल्या, म्हातारे आले. फाटकावरचा तो कागद कुणीतरी फाडून त्याची शेंगांची पुडी केली होती. बाळकृष्णानं शिट्टी वाजवली तेव्हा सगळं स्टेडियम असं ओरडलं, की माझ्या अंगावर काटा आला.

उरलेल्या रेघा बाळकृष्णानं सकाळी मारल्या होत्या, पण वाकडी रेघ त्यानं तशीच ठेवली. माहिलपूरच्या कॅप्टननं हरकत घेतली, की हे नियमात बसत नाही.

"नाही बसत," बाळकृष्ण म्हणाला. "रेफरी मी आहे. खेळा."

मॅच संपली, कप दिला गेला, अंधार पडायच्या आत लोक घरी गेले. बाळकृष्ण कपडे बदलायला रेफरीच्या खोलीवर गेला. कुलूप होतं, किल्ली त्याच्याच खिशात. मी त्याच्याबरोबर होतो. त्यानं कुलूप काढलं.

बाकावर एक फेटा फाडून केलेला फडक्याचा तुकडा. गाठ मारलेला. आत रेवड्या आणि आत्ताच भाजल्यासारखे गरम शेंगदाणे. त्या दिवशी लोहडी होती. पंजाबात त्या रात्री शेकोटी पेटवून हेच वाटतात.

"फिर? कुणी ठेवलं, काका?"

मला काय माहीत, नयना. बाळकृष्णानं दोन दाणे तोंडात टाकले. म्हणाला, "दिलंय तर खायचं. घाबरायचं कशाला?" मग उरलेलं गाठ मारून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. मी तीळगूळ घ्यायला त्यांच्याकडे गेलो. बाहेर कडाक्याची थंडी, वहिनींच्या डब्यातला गूळ दगडासारखा झालेला. त्यांनी ती गाठ माझ्यासमोर सोडली आणि म्हणाल्या, "भावजी, जरा हात लावून बघा हो."

मी हात लावला.

दाणे अजून गरम होते.